साडूला लाट दाखवतो

१५ डिसेंबर, अमडापूर

ही डायरी पंपाच्या कंपनीने दिली होती. बरीच वर्षे कोरी पडून होती. आज तिला काम मिळाले.

सासुरवाडीच्या शेतात हुरडा होता. ज्वारी कोवळी, शेंगदाण्याची चटणी झणझणीत, मी चांगल्या मूडमध्ये. तेवढ्यात माझे साडू शेखरराव यांनी मोबाइल काढला. शेखर म्हणजे अनुपमाच्या धाकट्या बहिणीचा, अर्पिताचा, नवरा. मूळचा चिखलीचा. पुण्यात कंपनीत लागल्यापासून 'मले' म्हणत नाही, 'मला' म्हणतो. आपण 'काऊन' म्हटले की हसतो, जसा हा शब्द जन्मात ऐकलाच नाही.

फोटोत साहेब सर्फिंगच्या फळीवर उभे. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, मागे अख्खा समुद्र. मोबाइल सगळ्या आगटीभोवती फिरला. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "माय वं! पान्यावर उभे राह्यले शेखरराव!"

मी एवढेच म्हणालो की पाणी हा माझा विषय आहे. इतकी वर्षे सबमर्सिबल विकतो. जळगाव जामोद तालुक्यात कोणाच्या बोअरला किती खाली पाणी आहे ते मी झोपेत सांगतो.

त्यावर शेखर म्हणाला, "जानरावजी, तुमचं पाणी पाइपात असतं. हे मोकळं असतं."

सासूबाई हसल्या. अर्पिता हसली. अनुपमा, माझी स्वतःची बायको, तोंडाला पदर लावून हसली, म्हणजे सर्वांत जास्त हसली.

मीही हसलो. आत नाही हसलो.

बदला घेणार. त्याच समुद्रात, तशाच फळीवर, ह्याच लोकांसमोर.

१६ डिसेंबर, जळगाव जामोद

बसमध्ये अनुपमाने विचारले, "काऊन गप आहे तुमी?" मी म्हणालो, हुरडा जास्त झाला.

अपमान थंड होऊ द्यायचा नाही. सकाळी उठल्याबरोबर एकदा आणि दुकान बंद करताना एकदा आठवायचा.

२२ डिसेंबर

माहिती काढली. शेखर गेला होता ते गाव कोकणात, खारवेळ. तिथल्या सर्फिंग शाळेला दुकानातून फोन लावला. एक पोरगी बोलली. पुष्पांजली नाव. शाळा तिचीच.

तिचे म्हणणे असे : पावसाळ्यात समुद्राजवळ फिरकायचे नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत लाटा लहान आणि सरळ असतात, शिकणाऱ्याने तेव्हा यावे. एप्रिलनंतर लाटा जरा अंगावर येतात. मे अर्धा झाला की ती फळ्या आत ठेवते.

मी सांगितले की मी शिकणारा नाही, पाण्यातलाच माणूस आहे. तिने विचारले, समुद्रात किती वेळा गेलात? मी म्हणालो, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, "म्हणजे नवशिके. चालेल काका, पोहता येतं ना?" विहिरीत येते, असे सांगितले. वजन विचारले. थोडे कमी सांगितले. फोनवर वजन नेमके कोणी सांगत नाही.

'काका' म्हणाली. लक्षात ठेवले आहे.

५ जानेवारी

गोडाऊनमध्ये सराव सुरू. सहा इंची पीव्हीसी पाइप दोन, त्यावर जुन्या दाराची फळी. असे ट्रेनिंग पुण्यातल्या लोकांना सुचणार नाही.

पहिल्याच प्रयत्नात उभा राहिलो. नंतर पाइप गेला पूर्वेला, फळी पश्चिमेला. मी मध्ये. आवाजाने गिऱ्हाईक आत आले आणि विचारले की काही पडले का. मी पाइपाची मजबुती तपासत होतो असे सांगितले. त्याने त्यातलाच पाइप घेतला.

कंबर दुखते. घरी सांगितले योगा चालू केला. अनुपमा म्हणाली, "योगानं माणूस वाकडा नाई चालत हो." हिचेही लक्षात आहे.

१२ जानेवारी, संग्रामपूर

भाऊरावांच्या शेततळ्यात सराव. भाऊराव माझे जुने गिऱ्हाईक आणि मित्र. तळ्याला काळे प्लास्टिक अंथरलेले, पाणी काठोकाठ. खरे कारण त्यांना सांगावे लागले. ते लगेच म्हणाले, "साडूले दाखवाचं हाये न? मंग उतरा." बदला म्हणजे काय हे कळणारा माणूस आहे.

थर्माकोलच्या पेटीचे झाकण घेऊन उतरलो. झाकण तुटले. ते मी धरत नाही, माल हलका होता.

अडचण बाहेर यायची होती. प्लास्टिकवर शेवाळ. पाय ठेवला की खाली. पुन्हा पाय ठेवला की पुन्हा खाली. भाऊराव काठावरून म्हणत होते, "निंघा न बाहेर, किती पोहता!" त्यांना वाटले मला मजा येऊन राह्यली. शेवटी मी स्पष्ट शब्दांत ओरडलो. तेव्हा त्यांनी पंपाचा दोर टाकला आणि त्यांची बायको सिंधूताई आणि ते, दोघांनी मिळून मला ओढले. सिंधूताईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, साडूले माफ करून टाका."

नाही.

तळ्यात लाटाच नसतात. सरावाला योग्य जागा नाही. खारवेळला जाणे आले.

२५ जानेवारी, खारवेळ

घरी सांगितले, पंप डीलरांचे संमेलन आहे. नांदुऱ्याहून रेल्वे, कल्याण, पनवेल, मग कोकण रेल्वे, मग रिक्षा. समुद्र दिसला. मोठा आहे. तेवढे अपेक्षितच होते.

पुष्पांजली पंचविशीची. तिने आधी गावाचा समुद्र समजावला. मी शत्रूच्या मुलखाची माहिती म्हणून नीट ऐकून घेतली. जागा तीन. देवळासमोरची चौपाटी : खाली वाळू, उतार सावकाश, लाट दूर फुटते आणि फेस होऊन काठाला येते. शिकणारे तिथेच. दीपगृहाखाली खडक आहेत. लाट उंच, पण तिथे फक्त जाणते. आणि खाडीचे तोंड : वरून शांत दिसते, पण ओहोटीला पाणी आत ओढते, तिथे कोणीच जायचे नाही. वेळ सकाळची. तेव्हा वारा जमिनीकडून येतो आणि लाट गुळगुळीत राहते. दहानंतर समुद्रावरून वारा सुटला की पाणी खवळते, मग घरी जाऊन झोपायचे. भरती पूर्ण भरली की लाटा एकदम काठावर आपटतात, म्हणून भरती निम्मी असताना जायचे.

मी म्हणालो, दीपगृह. ती म्हणाली, देऊळ. तडजोड करून देवळासमोर गेलो.

फळी मऊ फोमची, माझ्याहून पुष्कळ लांब. पळून जाऊ नये म्हणून पट्ट्याने पायाला बांधतात. शेखरला कोणती दिली होती ते विचारले. हीच. बरे झाले, सामना बरोबरीचा.

पहिला धडा कोरड्या वाळूवर. पालथे पडायचे, हात छातीशी टेकायचे, एका झटक्यात फळीवर पाय आडवे टाकून उभे राहायचे, गुडघे वाकवून, हात पसरून, नजर पुढे. वाळूवर मी चांगला उभा राहिलो. शेजारी नागपूरचे एक जोडपे होते. त्यातल्या बाईने खाली बसून नवऱ्याचा फोटो काढला. वाळूतली फळी, वर नवरा, मागे समुद्र.

मी तो फोटो पाहिला. गुडघे वाकवलेले. हात पसरलेले.

माझ्या डोक्यात एकदम मोटार सुरू झाली.

पुष्पांजलीला शेखरचा फोटो दाखवला. ती लगेच म्हणाली, "हे पुण्याचे ना? खूप घाबरलेले ओ. उभे नाहीच राहिले. हा वाळूवरचा आहे." मग हसून म्हणाली की शाळेच्या मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ असेल, सगळ्यांचे काढतो आम्ही. मी म्हणालो, माझे सख्खे साडू आहेत, घरच्यांना बघायला आवडेल. तिने पाठवला.

व्हिडिओ असा : पाणी गुडघाभर. साडू फळीला मिठी मारून पालथे. डोळे गच्च बंद. मागून पुष्पांजलीने फळी धरलेली. आणि साडू ओरडून राह्यले, "सोडू नका मले! ओ बाई, पाया पडतो, सोडू नका मले!"

मले!

लॉजवर येऊन किती वेळा पाहिला ते लिहीत नाही.

२६ जानेवारी, खारवेळ

काल आनंदात पाण्यातले लिहायचे राहिले. पहिल्या लाटेने फळी माझ्या हनुवटीवर मारली. दुसऱ्या लाटेने मला उलटे केले. समुद्राचे पाणी खारट असते हे पुस्तकात होते. नाकातून घेतल्यावर किती खारट असते ते पुस्तकात नव्हते. समुद्राचेही लक्षात ठेवले आहे.

आज गुडघ्यांवर उभा राहिलो. गुडघा हा पायाचाच भाग आहे, म्हणजे अर्धे काम झाले. पुष्पांजली म्हणते, "काका, पायाकडे बघू नका. बघितलंत की पडलात." पण दुसऱ्याचे पाय असते तर गोष्ट वेगळी. स्वतःचे आहेत, लक्ष जाणारच.

संध्याकाळची गाडी. प्लॅन डोक्यात तयार आहे.

९ फेब्रुवारी, अमडापूर

प्लॅनचा पहिला भाग यशस्वी. सासूबाईंनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, बाईंना एकदा समुद्र दाखवायलाच हवा, मे महिन्यात सगळे मिळून खारवेळला जाऊ. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "जवाईबापू, म्या कोनाले सांगतलं नाई, पन मनात होतं पाह्याचं." अनुपमा माझ्याकडे अशी पाहत होती, जशी लग्नाच्या वेळीही पाहत नव्हती.

व्हिडिओ कॉलवर पुण्याला सांगितले. अर्पिता उड्या मारायला लागली. खारवेळचे नाव निघाल्यावर शेखर म्हणाला, त्यापेक्षा महाबळेश्वर बरं नाही का? मी म्हणालो, महाबळेश्वरला लाटा नाहीत, शेखरराव.

त्याचा चेहरा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

१६ मार्च

पंपाचा सीझन. विहिरी खाली गेल्या, लोक दुकानात रांगा लावून आहेत. सराव मनातल्या मनात चालू आहे. मोठे खेळाडूही असेच करतात, असे ऐकले आहे. मनात मी खूप चांगला उभा राहतो.

१३ एप्रिल

वजन कमी करायचे ठरले होते. उन्हाळ्यात वाळवणाचे दिवस, कुरड्यांचा चीक रोज. आजपासून बंद. म्हणजे उद्यापासून, आज झाला होता.

गोडाऊनमध्ये एकदा फळीवर चढलो. गिऱ्हाईक आले. शत्रू सगळीकडे आहेत.

४ मे, खारवेळ

सगळे पोहोचलो. मी लगेच देवळासमोर जाऊन वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ वगैरे पाहून आलो. परत आलो तर कळले, सासूबाईंनी समुद्र पाहिला. अनुपमा सांगत होती की बाई चपला हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. मग पायाला पाणी लागले तेव्हा मोठ्याने हसल्या, आणि दोन्ही पोरींना दोन हातांनी धरून पाण्यात गेल्या. लुगडे गुडघ्यापर्यंत भिजले. "तुमी पाह्यजे होते," अनुपमा म्हणाली.

मी कामात होतो.

५ मे, खारवेळ, सायंकाळ

विजय.

जेवण लॉजच्या हॉलमध्ये होते. तिथे मोठा टीव्ही. मालकाला सांगून मोबाइल जोडून घेतला. म्हणालो, घरगुती कार्यक्रम आहे. सगळ्यांना वाटले सासूबाईंचे समुद्रावरचे फोटो दाखवतो आहे. आणि मी आवाज फुल केला.

"सोडू नका मले! ओ बाई, पाया पडतो, सोडू नका मले!"

पहिल्यांदा सगळे हसले. कोण आहे ते नीट कळायच्या आधीच हसले. सासूबाई हसल्या, मग थांबल्या, आणि म्हणाल्या, "लेकरू भेलं होतं वं." अर्पिता ताट तसेच ठेवून उठली. लांबच्या प्रवासाने जेवण जात नाही, माझाही अनुभव आहे. अनुपमा हसली नाही. थकली असावी. मी मध्येच बटण दाबून वाळूवरच्या फोटोचे शास्त्रही समजावून सांगितले. प्रश्न कोणी विचारले नाहीत, म्हणजे समजले असणार.

शेखर काय करतो तिकडे माझे लक्ष होते. त्याने भात कालवला. मला विचारले, "कुठून मिळाला?" मी सांगितले. "बरं," म्हणाला, आणि जेवला. हरलेला माणूस असाच जेवतो.

उद्या सकाळी दुसरा भाग. सगळ्यांसमोर उभा राहणार.

६ मे, सकाळ

सगळे होडीने बेटावर गेले. सासूबाईंना होडीत बसायचे होते. मी अनुपमाला आठवण दिली की आज माझा कार्यक्रम आहे. ती म्हणाली, "मले अर्पितासंगं जाऊ द्या. ती रडून राह्यली होती." आणि गेली. शेखर गेला नाही, त्याला होडी लागते. किनाऱ्यावर छत्रीखाली पडून होता.

पुष्पांजली आज वेगळी होती. फळी देताना म्हणाली, "तो व्हिडिओ मी घरच्यांसाठी दिलेला." मी म्हणालो, घरच्यांनाच दाखवला. त्यानंतर तिने मला एकदाही काका म्हटले नाही. "अहो" म्हणाली. मान वाढला आहे, जाणवते.

६ मे, पुन्हा

हे सावकाश लिहितो.

लाटा जानेवारीपेक्षा मोठ्या होत्या. चार-पाच वेळा पडलो. पुष्पांजली म्हणाली, "आता लाट स्वतः धरा, मी त्या मुलीकडे जाते," आणि दुसऱ्या शिकणारीकडे वळली. मी एकटा. मागून फेसाचा आवाज आला. फळी एकदम पुढे निघाली, जसा बैल दावे तोडून निघतो. हात टेकले. पाय कसे आले मला माहीत नाही, कारण मी त्यांच्याकडे पाहिलेच नाही. देवळाच्या कळसाकडे पाहत होतो.

आणि मी उभा होतो.

गुडघ्यावर नाही. पायांवर. खाली पाणी पळत होते आणि वर मी पळत नव्हतो. कानात वारा. काहीच दुखत नव्हते. शेखरसुद्धा आठवला नाही. तेवढ्या वेळात मला कोणाचेच काही आठवले नाही.

मग पडलो. पण तो विषय नाही.

नाकातले पाणी काढून किनाऱ्याकडे पाहिले. होडी अजून बेटाकडेच. पुष्पांजलीची पाठ. एक कुत्रे, तेही झोपलेले. आणि छत्रीखालून उठून, समुद्राकडे तोंड करून, शेखर उभा होता.

मी हात हलवला. त्याने हलवला नाही. पण त्याने पाहिले. शंभर टक्के पाहिले.

त्यानंतर पुष्कळ प्रयत्न केले. दहा वाजले, वारा फिरला.

६ मे, जेवणानंतर

जेवताना सांगितले, मी उभा राहिलो.

अनुपमा म्हणाली, "अस्सं?" सासूबाई म्हणाल्या, "कोनं पाह्यलं?"

पुष्पांजलीला आधीच विचारून ठेवले होते. ती म्हणाली होती, "मी दुसरीकडे बघत होते. असेल ओ." असेल! म्हणून मला शेखरचे नाव घ्यावे लागले. म्हणालो, शेखररावांनी पाहिले. डोळ्यांनी पाहिले. विचारा.

सगळे शेखरकडे पाहायला लागले. तो सोलकढी पीत होता. वाटी पूर्ण संपवली, खाली ठेवली, तोंड पुसले.

"मी झोपलो होतो," म्हणाला.

मी म्हणालो, तुम्ही उभे होते. तो म्हणाला, "छत्री सरकवायला उठलो असेन, जानरावजी. समुद्राकडे लक्ष नव्हतं." आवाज इतका साधा, की मलाही क्षणभर खरे वाटले.

मी उठून, गुडघे वाकवून, हात पसरून दाखवले, कसा उभा होतो ते. अर्पिता कालपासून पहिल्यांदा हसली. मोठ्याने हसली.

७ मे

समुद्र खवळलेला. किनाऱ्यावर लाल झेंडा. पुष्पांजली फळ्या धुऊन आत ठेवत होती, यंदा समुद्र लवकर बिघडला, या वर्षीचे संपले म्हणाली. एकदाच, पाच मिनिटे, असे विनवले. झेंड्याकडे बोट दाखवून आत गेली.

सासूबाई शेवटचे पाणी पाहायला गेल्या. बाटलीत भरून घेतले.

९ मे, रेल्वे

परतीचा प्रवास. पुण्याची माणसे पनवेलला उतरली. अर्पिताने आईला मिठी मारली. बहिणीकडे वळलीच नाही. अनुपमा दारात बराच वेळ उभी होती, गाडी सुटली तरी.

मी म्हणालो, चहा घेशील? नाही म्हणाली.

नवा प्लॅन : दिवाळीनंतर पुन्हा खारवेळ. या वेळी व्हिडिओग्राफर घेऊन.

२५ मे

दुकानात भाऊराव आले. सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "मंग उभे राह्यले का नाई तुमी?" मी म्हणालो, राह्यलो. ते म्हणाले, "हाव, राह्यलेच असान." आणि फूटव्हॉल्व्ह मागितला. दिला. पण 'असान' का म्हणाले?

१ जून

अर्पिताने फोन उचलणे बंद केले आहे. अनुपमा रोज लावते. बहिणीचा फोन माझ्यामुळे बंद झाला असे ती म्हणत नाही, पण भाजीला मीठ नाही. आज मात्र पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमी शेखररावाशी बोला. नाई तं म्या यंदा दिवाळीले अमडापूरले जात नाई. माय एकटी बसन."

मी म्हणालो, माझी काही चूक? तिने लाटणे खाली ठेवले.

१ जून, दुपार

फोन केला. माफी नव्हे, स्पष्टीकरण म्हणून.

शेखरने उचलला. मी म्हणालो, त्या टीव्हीचा आवाज जरा मोठा होता. मग म्हणालो, टीव्ही मालकाचा होता. अनुपमा समोर उभी, हात कणकेचे. शेवटी म्हणालो, शेखर, ते दाखवायला नको होते.

तो म्हणाला, "हाव."

मग म्हणाला, अर्पिताले सांगतो, ताईचा फोन उचल म्हणून. अनुपमाला मी खुणेने सांगितले. ती तिथेच खाली बसली.

मला वाटले झाले. पण तो थांबला नव्हता. म्हणाला, "एक सांगू का तुमाले? तुमी खरंच उभे राह्यले होते. मस्त उभे राह्यले होते. लाट काठाला येवोस्तोर. माह्या अंगावर काटा आला."

मी म्हणालो, मग सांगितले का नाही बे!

तो म्हणाला, "व्हिडिओ काढला होता म्या. उठल्यापासून पडेपर्यंत. तुमचा चेहरा बी दिसत होता."

मी स्टुलावर बसलो. म्हणालो, पाठव. आत्ता पाठव.

"जेवायले यायच्या आधी डिलीट केला."

मग मला आठवले की मोबाइलमध्ये डिलीट केलेले काही दिवस कचरापेटीत पडून राहते. विचारले.

"हाव," तो म्हणाला. "तिथूनबी काढला."

मग त्याने विचारले, तिकडे पाऊस आहे का. मी म्हणालो, नाही, ऊन आहे.